यवतमाळ जिल्ह्यातील राजकीय नेत्यांचा उत्तरकाळ

यवतमाळ जिल्हा हा महाराष्ट्र राज्याच्या अमरावती विभागातील एक जिल्हा आहे. विसाव्या शतकात या जिल्ह्याने राज्याला दोन मुख्यमंत्री दिले, तसेच बिहार व हिमाचल प्रदेश या राज्यांना राज्यपाल दिले. प्रस्तुत लेखात जिल्ह्यातील पाच दिवंगत नेत्यांच्या उत्तरकाळाचा, म्हणजे प्रमुख पद सुटल्यापासून निधनापर्यंतच्या कालखंडाचा, आढावा घेतला आहे. माधव श्रीहरी अणे, वसंतराव नाईक, जवाहरलाल दर्डा, सुधाकरराव नाईक आणि जांबुवंतराव धोटे हे ते पाच नेते होत. त्यांचे पक्ष, स्वभाव व कार्यपद्धती भिन्न होत्या. त्यांच्या उत्तरकाळात मात्र एक समान सूत्र आढळते. पद गेल्यानंतरही प्रत्येकाने एखादे काम हाती धरून ठेवले आणि त्या कामावरूनच पुढील पिढीने त्यांना ओळखले.

माधव श्रीहरी अणे

लोकनायक बापूजी अणे या नावाने परिचित असलेले माधव श्रीहरी अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी काही काळ अमरावतीत अध्यापन केले व पुढे यवतमाळ येथे वकिली सुरू केली. ते लोकमान्य टिळकांचे निष्ठावंत अनुयायी होते. १९३० साली पुसद येथील जंगल सत्याग्रहात त्यांनी राखीव जंगलातील गवत कापून कायदेभंग केला व कारावास पत्करला. १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात सहभागी झाले. फेब्रुवारी १९४३ मध्ये महात्मा गांधींच्या उपोषणाच्या वेळी सरकारच्या भूमिकेशी मतभेद झाल्याने त्यांनी या पदाचा राजीनामा दिला. त्यानंतर ते सिलोनमध्ये भारत सरकारचे प्रतिनिधी होते. जानेवारी १९४८ ते जून १९५२ या काळात ते बिहारचे राज्यपाल होते.

राज्यपालपदावरून निवृत्त झाले तेव्हा अणे यांचे वय ७१ वर्षे होते. तथापि त्यांच्या सार्वजनिक जीवनाची अखेर तेथे झाली नाही. वेगळ्या विदर्भ राज्याची मागणी हे त्यांच्या उत्तरकाळातील प्रमुख राजकीय कार्य होय. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. मात्र प्रत्यक्षात विदर्भ १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. त्यानंतरही अणे यांनी ही मागणी सोडली नाही. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत ते नागपूर मतदारसंघातून अपक्ष म्हणून विजयी झाले. त्या वेळी त्यांनी वयाची ८१ वर्षे पूर्ण केली होती.

उतारवयात त्यांनी हाती घेतलेले दुसरे कार्य वाङ्मयीन स्वरूपाचे होते. लोकमान्य टिळकांच्या चरित्रावर त्यांनी ‘तिलकयशोऽर्णवः’ हे विस्तृत संस्कृत काव्य रचले. ज्या गुरूच्या प्रेरणेने ते राजकारणात आले, त्याचे चरित्र लिहिण्यात त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. २६ जानेवारी १९६८ रोजी, प्रजासत्ताक दिनी, वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण हा सन्मान दिला. या काव्यासाठी १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मरणोत्तर देण्यात आला.

वसंतराव नाईक

वसंतराव फुलसिंग नाईक यांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातील गहुली या गावी बंजारा समाजातील शेतकरी कुटुंबात झाला. पुसद नगरपालिकेचे अध्यक्षपद, मध्य प्रदेशातील उपमंत्रिपद आणि द्विभाषिक मुंबई राज्यातील मंत्रिपद अशी त्यांची वाटचाल झाली. मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे २४ नोव्हेंबर १९६३ रोजी पदावर असतानाच निधन झाले. त्यामुळे राज्याच्या नेतृत्वाचा प्रश्न उपस्थित झाला व ५ डिसेंबर १९६३ रोजी नाईक मुख्यमंत्री झाले. २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे ११ वर्षांहून अधिक काळ, ते या पदावर होते. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदाचा हा सर्वाधिक दीर्घ कार्यकाळ आहे.

संकरित बियाण्यांचा प्रसार, कृषी विद्यापीठांची स्थापना आणि १९७२ च्या दुष्काळातील रोजगारनिर्मितीची कामे ही त्यांच्या कारकिर्दीची ओळख मानली जाते. पद सोडले तेव्हा त्यांचे वय ६१ वर्षे होते. १९७७ मध्ये काँग्रेस पक्षाची देशभर पीछेहाट झाली असतानाही ते वाशीम मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. त्यांच्या कारकिर्दीत आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेला पुढे कायद्याचे स्वरूप मिळाले व तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

त्यानंतर सात महिन्यांच्या आत, १८ ऑगस्ट १९७९ रोजी, सिंगापूर येथे नाईक यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ६६ वर्षे होते. मुख्यमंत्रिपद सोडल्यानंतर त्यांना जेमतेम साडेचार वर्षांचे आयुष्य लाभले. गहुलीच्या मातीशी जन्मभर नाते जपणाऱ्या या नेत्याचा अखेरचा श्वास परदेशात थांबला, ही बाब त्यांच्या चरित्रात आवर्जून नोंदली जाते.

जवाहरलाल दर्डा

जवाहरलाल दर्डा यांचा जन्म २ जुलै १९२३ रोजी झाला. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात सहभागी झाल्याबद्दल त्यांना कारावास भोगावा लागला. स्वातंत्र्योत्तर काळात ते काँग्रेस पक्षाचे नेते व महाराष्ट्र मंत्रिमंडळातील विविध खात्यांचे मंत्री होते. त्यांच्या नेतृत्वाखाली ‘लोकमत’ या दैनिकाचा नागपुरातून १५ डिसेंबर १९७१ रोजी प्रारंभ झाला. मंत्रिपदाच्या काळाइतकीच त्यांच्या उत्तरकाळाची ओळख या वृत्तपत्राच्या विस्ताराशी जोडलेली आहे. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी वयाच्या ७४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. यवतमाळ येथील ‘प्रेरणास्थळ’ हे त्यांचे स्मारक आहे.

सुधाकरराव नाईक

सुधाकरराव राजुसिंग नाईक हे वसंतराव नाईक यांचे पुतणे होत. त्यांचा जन्म २१ ऑगस्ट १९३४ रोजी गहुली येथे झाला. २५ जून १९९१ रोजी ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलींनंतर त्यांना पद सोडावे लागले. त्या वेळी त्यांचे वय ५८ वर्षे होते. वसंतरावांच्या दीर्घ कारकिर्दीच्या तुलनेत त्यांना मुख्यमंत्रिपदावर दोन वर्षेही पूर्ण करता आली नाहीत.

पायउतार झाल्यानंतर १९९४-९५ मध्ये ते हिमाचल प्रदेशचे राज्यपाल होते. राजभवनातील वास्तव्यानंतर ते पुन्हा सक्रिय राजकारणात परतले आणि १९९८ मध्ये वाशीम मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. एकवीस वर्षांपूर्वी त्यांचे काका याच मतदारसंघातून निवडून आले होते.

सुधाकरराव नाईक यांच्या उत्तरकाळाचा गाभा मात्र जलसंधारण हा होता. मुख्यमंत्री असताना त्यांनी राज्यात स्वतंत्र जलसंधारण विभाग सुरू केला. पावसाचे पाणी शिवारातच अडवावे व जमिनीत मुरवावे, हा विचार ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ या घोषवाक्याच्या रूपाने गावोगावी पोहोचला. कोरडवाहू शेतीवर अवलंबून असलेल्या यवतमाळसारख्या जिल्ह्यासाठी या विचाराला विशेष महत्त्व होते. पदावर नसतानाही त्यांनी हा विषय सोडला नाही. १० मे २००१ रोजी त्यांचे निधन झाले. काकांप्रमाणेच त्यांनाही ६६ वर्षांचेच आयुष्य लाभले. त्यांचा स्मृतिदिन राज्यात जलसंधारण दिन म्हणून पाळला जातो.

जांबुवंतराव धोटे

वेगळ्या विदर्भाच्या आंदोलनातील आक्रमक नेते जांबुवंतराव धोटे हे ‘विदर्भवीर’ या उपाधीने ओळखले जात. ते अनेकदा यवतमाळचे आमदार होते. १९६४ साली विधानसभेत अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावल्याबद्दल त्यांचे सदस्यत्व रद्द करण्यात आले. १९७१ मध्ये फॉरवर्ड ब्लॉकच्या उमेदवारीवर व १९८० मध्ये काँग्रेस (आय) पक्षाच्या उमेदवारीवर ते नागपूरमधून लोकसभेवर निवडून आले.

अणे यांनी ज्या नागपूर मतदारसंघातून विदर्भाचा प्रश्न मांडला, त्याच मतदारसंघाचे प्रतिनिधित्व करून धोटे यांनी तो प्रश्न रस्त्यावरच्या आंदोलनात नेला. पुढील काळात त्यांनी अनेकदा पक्ष बदलले व त्यांचा निवडणुकीतील प्रभाव ओसरला. तरीही २००२ मध्ये त्यांनी विदर्भ जनता काँग्रेस हा पक्ष स्थापन केला. वयोमानानुसार अनुयायांची संख्या घटली, तरी विदर्भाच्या मागणीविषयीची त्यांची भूमिका अखेरपर्यंत कायम राहिली. १८ फेब्रुवारी २०१७ रोजी यवतमाळ येथे हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. वेगळे विदर्भ राज्य अणे यांच्याप्रमाणेच त्यांनाही हयातीत पाहता आले नाही.

आजारपण आणि सार्वजनिक नोंद

नेत्यांच्या आजारपणाची माहिती जाहीर करण्याची परंपरा महाराष्ट्रात फारशी रुजलेली नाही. निधनवार्तेत ‘अल्पशा आजाराने’ किंवा ‘दीर्घ आजाराने’ असे रूढ शब्द योजले जातात. आजाराचे स्वरूप ही कुटुंबाची खासगी बाब मानली जाते. त्यामुळे नेत्याच्या कारकिर्दीचा तपशील विपुल व अखेरच्या महिन्यांचा तपशील त्रोटक, असे चित्र अनेक चरित्रांत दिसते.

इतर देशांत याहून वेगळी प्रथा आढळते. नेदरलँड्सचे माजी पंतप्रधान ड्रीस व्हान आख्त यांना २०१९ मध्ये मेंदूतील रक्तस्राव झाला होता. त्यातून ते पूर्णपणे सावरले नाहीत. ५ फेब्रुवारी २०२४ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, त्यांनी पत्नीसह त्या देशाच्या कायद्यानुसार इच्छामरण स्वीकारले व ही बाब जाहीर करण्यात आली. भारतात अशा सक्रिय इच्छामरणास कायद्याची मान्यता नाही. तथापि सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाद्वारे, बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे कृत्रिम जीवनरक्षक उपचार थांबवण्यास व त्याविषयीचे इच्छापत्र आधीच करून ठेवण्यास काही अटींवर मान्यता दिली आहे.

वैद्यकीय सुविधांच्या दृष्टीनेही या नेत्यांच्या काळांत मोठे अंतर आहे. अणे यांच्या निधनाच्या वेळी यवतमाळ जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालय नव्हते आणि गंभीर रुग्णांसाठी नागपूर हाच प्रमुख आधार होता. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ मध्ये सुरू झाले. यवतमाळ येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ मध्ये, वसंतराव नाईक यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, स्थापन झाले व त्यास त्यांचेच नाव देण्यात आले.

स्मृती आणि वारसा

वसंतराव नाईक यांचा जन्मदिन, १ जुलै, महाराष्ट्रात कृषी दिन म्हणून साजरा केला जातो. अणे व नाईक हे दोघेही नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. ही संस्था आता वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते. परभणी येथील कृषी विद्यापीठालाही २०१३ मध्ये, जन्मशताब्दीच्या निमित्ताने, त्यांचे नाव देण्यात आले. यवतमाळ येथील महिला महाविद्यालय लोकनायक बापूजी अणे यांच्या नावाने चालते.

या स्मारकांना एक दुखरी बाजूही आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे यवतमाळ जिल्हा एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देशभर चर्चेत आला. संकटग्रस्त शेतकऱ्यांसाठी राज्य शासनाने स्थापन केलेल्या स्वावलंबन मिशनला वसंतराव नाईक यांचेच नाव आहे. जिल्ह्यातील या नेत्यांनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत जपलेले शेती, पाणी व विदर्भ हे तीन प्रश्न त्यांच्या पश्चातही पूर्णतः सुटलेले नाहीत. त्यामुळे त्यांचे जन्मदिन व स्मृतिदिन जिल्ह्यात अभिवादनापुरते मर्यादित राहत नाहीत; त्या दिवशी या प्रश्नांची चर्चाही नव्याने होते.

संक्षिप्त कालपट

• २६ जानेवारी १९६८ – माधव श्रीहरी अणे यांचे निधन (वय ८७)
• १८ ऑगस्ट १९७९ – वसंतराव नाईक यांचे सिंगापूर येथे निधन (वय ६६)
• २५ नोव्हेंबर १९९७ – जवाहरलाल दर्डा यांचे निधन (वय ७४)
• १० मे २००१ – सुधाकरराव नाईक यांचे निधन (वय ६६)
• १८ फेब्रुवारी २०१७ – जांबुवंतराव धोटे यांचे यवतमाळ येथे निधन

हे सुद्धा पहा

• यवतमाळ जिल्हा
• पुसद
• महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांची यादी
• विदर्भ राज्य आंदोलन
• रोजगार हमी योजना