पेढीचा वारसा आणि गादीची पात्रता

खान्देशच्या व्यापारी जीवनात ‘पेढी’ या शब्दाचा अर्थ केवळ दुकान असा कधीच नव्हता. पेढी म्हणजे घराण्याची पत. राजस्थान व गुजरातमधून आलेल्या अनेक कुटुंबांनी धुळे, जळगाव, अमळनेर परिसरात कापूस, धान्य व सावकारीचे व्यवहार उभे केले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले आणि या व्यापारास मोठे बळ लाभले. पाटीवर आजोबांचे नाव, गादीवर मुलगा आणि रोकड-खतावणी मुनीमजींच्या हाती, अशी ती व्यवस्था होती.

मुलगा नसल्यास भाऊबंदांतून दत्तक घेतला जाई. याबाबत जैन रूढीने स्त्रीला विशेष अधिकार दिला होता. १८७८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने उत्तर भारतातील एका जैन कुटुंबाच्या खटल्यात, निपुत्रिक विधवा पतीच्या अनुमतीवाचूनही दत्तक घेऊ शकते, ही रूढी मान्य केली. घराण्याचे नाव खंडित होऊ नये, ही काळजी मोठी होती. परंतु वारस मिळाला म्हणजे गादीस योग्य माणूस मिळाला, असे होत नाही.

याची साक्ष अमळनेरने पाहिली. २९ डिसेंबर १९४५ रोजी महंमद हाशम प्रेमजी यांची वनस्पती तुपाची कंपनी स्थापन झाली. १९६६ मध्ये त्यांचे अकस्मात निधन झाले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतील शिक्षण अर्धवट सोडून परतले. सर्वसाधारण सभेत एका भागधारकाने त्यांना समभाग विकून कारभार अनुभवी माणसाकडे सोपविण्याचा सल्ला दिला. शंका अवाजवी नव्हती. केवळ पुत्र म्हणून गादी मिळत होती. प्रेमजींनी शिकलेली, तज्ज्ञ माणसे जमविली आणि त्याच तेल-तुपाच्या कंपनीतून पुढे ‘विप्रो’ घडली. २०१९ मध्ये अध्यक्षपद पुत्र रिशद यांच्याकडे आले. मुख्य कार्यकारी अधिकारी मात्र कुटुंबाबाहेरचेच राहिले. मालकी रक्ताने आली, कारभार गुणवत्तेकडे गेला.

जळगावचे उदाहरण निराळ्या वळणाचे आहे. जामनेर तालुक्यातील वाकोदचे भवरलालजी जैन यांनी १९६३ मध्ये कुटुंबाच्या सात हजार रुपयांच्या पुंजीवर रॉकेलविक्रीने प्रारंभ केला. पुढे पपईच्या चिकापासून पपेन, पीव्हीसी पाइप आणि ठिबक सिंचन असा उद्योग विस्तारला. अशोक, अनिल, अजित व अतुल हे चारही पुत्र वडिलांच्या हयातीतच उद्योगात जबाबदारीने काम करू लागले. त्यामुळे २५ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘मोठे भाऊ’ गेले तेव्हा गादी रिकामी राहिली नाही. खरी कसोटी नंतर आली. २०१९ मध्ये कंपनी कर्जाच्या संकटात सापडली. २०२२ मध्ये कर्जाची पुनर्रचना पूर्ण झाली आणि २०२३ मध्ये परदेशातील सिंचन व्यवसाय ‘रिव्हुलिस’ या कंपनीत विलीन करण्यात आला. वडिलांच्या काळात जोडलेले साम्राज्य आवरते घेण्याचा निर्णय पुत्रांना घ्यावा लागला. मिळालेले वाढविणे हाच वारशाचा धर्म मानला जातो. मुख्य उद्योग तगविण्यासाठी काही सोडावे लागणे, हाही त्याचाच भाग आहे.

आता प्रश्न लेकींचा. जैनांनाही लागू असलेल्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ मध्ये दुरुस्ती झाली आणि एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क मिळाला. वडील दुरुस्तीच्या दिवशी हयात नसले तरी हा हक्क अबाधित आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. कायद्याने मालमत्तेतील वाटा दिला; गादीवरची जागा कायदा देत नाही, ती घराने द्यावयाची असते. दीडशे वर्षांपूर्वी ज्या समाजाच्या रूढीने विधवेला वारस निवडण्याचा अधिकार दिला, त्या समाजातील हिशेबात निपुण अशी लेक आजही वारसांच्या विचारात शेवटी येत असेल, तर पेढी आपलीच पुंजी वाया घालवीत आहे. ‘मुलगा कोणाचा?’ याआधी ‘काम कोणाला येते?’ हा प्रश्न ज्या घरात विचारला जाईल, तेथे पाटीवरचे नाव आणि गादीवरची पत दोन्ही टिकतील.