विटाळ आणि जंतू : मुंढव्यापासून महाळुंग्यापर्यंत

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण सापडू लागले. नांदेड, किरकिटवाडी, धायरी ही गावे आमच्या महाळुंग्यापासून बरीच लांब. तरी कंपनीच्या बसमध्ये आणि चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. त्या चर्चेत दोन-चार दिवसांतच एक वाक्य शिरले : "ही भाड्याच्या खोल्यांतली बाहेरची माणसं घाण करतात, रोग तेच आणतात." बाहेरची म्हणजे कोण? मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेशातून चाकण एमआयडीसीत आलेले कंत्राटी कामगार. एका खोलीत पाच-पाच जण राहणारे, टँकरचे पाणी पिणारे. त्यांत आपल्या वस्त्यांतली पोरे किती आहेत, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

मित्रहो, हे वाक्य नवे नाही. रोग आला की रोगाचे कारण शोधण्याआधी माणूस शोधायचा, ही या देशाची जुनी खोड आहे. तिला तोंड द्यायचे तर जंतुशास्त्राचा इतिहास आपल्याला पाठ हवा. कारण विटाळाच्या कल्पनेला सर्वांत मोठा तडाखा दिला तो याच शास्त्राने.

रॉबर्ट कॉख हा जर्मन शास्त्रज्ञ कॉलराचा शोध घेत कलकत्त्याला आला आणि १८८४ मध्ये त्याने तिथल्या एका तळ्याच्या पाण्यात कॉलराचा जंतू दाखवला. त्या तळ्यावर माणसे आंघोळ करत, कपडे धुत आणि तेच पाणी पीत. रोग पाण्यात आहे, घाण पाण्यात मिसळते म्हणून आहे. पाण्याला कोणाचा हात लागला याच्याशी त्याचा संबंध नाही. हजारो वर्षांच्या शिवाशिवीचे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली सापडले होते. पण ते इथल्या समाजाने ऐकले का?

तेरा वर्षांनी, १८९७ मध्ये पुण्यात प्लेग भडकला. आमच्या पट्ट्यात या प्लेगचा इतिहास विचारा, लोक एकच गोष्ट सांगतील : रँडचा जुलूम आणि चिंचवडच्या चापेकर बंधूंनी २२ जून १८९७ ला गणेशखिंडीत झाडलेल्या गोळ्या. रँडच्या अमलात गोऱ्या सोल्जरांनी घरे झडतीला घेतली, लोकांची बेअब्रू केली, हे खरेच आहे. ते आम्ही नाकारत नाही. पण प्लेगचा इतिहास म्हणजे एका अधिकाऱ्याचा खून एवढाच उरला, याला आमचा आक्षेप आहे. त्या इतिहासात रोगी कुठे आहे? त्याची शुश्रूषा करणारा कुठे आहे?

त्या गोळ्यांच्या साडेतीन महिने आधी, १० मार्च १८९७ ला सावित्रीमाई गेल्या. जोतिरावांना जाऊन सहा वर्षे झाली होती. त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातले पांडुरंग बाबाजी गायकवाड हे पोर प्लेगने पडले होते. माईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. वय वर्षे सहासष्ट. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि त्या गेल्या. पुढे यशवंतरावांनाही प्लेगच्याच रोग्यांची सेवा करताना मरण आले.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण तो उंदरावरच्या पिसवेतून माणसात येतो हे पॉल लुई सिमाँ याने कराचीत दाखवले ते १८९८ मध्ये, म्हणजे माई गेल्यावर. रोग्याला शिवले तर काय होईल हे तेव्हा कोणालाच नीट ठाऊक नव्हते. सगळे गाव दूर पळत असताना, ज्या वाड्याची सावलीही लोक टाळत, तिथले पोर त्यांनी उचलून घेतले. याच काळात मुंबईत निरनिराळ्या जातींनी आपापल्या जातीपुरती प्लेगची इस्पितळे काढली. मरणाच्या दारातही जात सुटली नव्हती. ससाण्यांच्या माळावर ती सुटली होती.

याच १८९७ च्या जानेवारीत वाल्देमार हाफकिन मुंबईत प्लेगची लस तयार करत होता. हा ओडेसाचा ज्यू. धर्म बदलला असता तर त्याला तिथल्या विद्यापीठात जागा मिळाली असती. त्याने बदलला नाही आणि जागा गेली. १० जानेवारीला त्याने लस पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर ती भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना टोचली. नव्या औषधाची पहिली परीक्षा ज्यांना नाही म्हणता येत नाही त्यांच्या अंगावर होते, हेही इतिहासातून वगळू नका. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. दोष हाफकिनच्या प्रयोगशाळेवर ढकलला गेला. बाटली उघडताना गावातच हलगर्जी झाली होती, हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. परळची ती प्रयोगशाळा आज हाफकिन संस्था म्हणून उभी आहे.

आता महाडला या. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर सवर्णांनी तळे 'शुद्ध' केले. कसे? शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या घागरी पिण्याच्या पाण्यात ओतून! कॉखने तळ्यातला जंतू दाखवून तेव्हा त्रेचाळीस वर्षे झाली होती. परळला प्रयोगशाळा होती, मुंबईत वैद्यकीय महाविद्यालय होते. तरीही माणसाच्या ओंजळीने पाणी बाटते आणि शेणाने ते शुद्ध होते, असे शिकलेसवरलेले लोक मानत होते. तळे खरोखर कोणी बाटवले, याचा निकाल कोणत्याही प्रयोगशाळेत एका दिवसात लागला असता.

विज्ञान उभे करता येते, तेही आपल्याच मातीत, याचा पुरावा आमच्या शेजारी पिंपरीत आहे. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने तिथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलिन तयार होऊ लागले. १९६१ मध्ये तिथल्या संशोधकांनी जमिनीतल्या एका जंतूपासून हॅमायसिन हे बुरशीवरचे औषध काढले. त्या जंतूचे शास्त्रीय नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना, पिंपरीवरून ठेवलेले. आमच्या पोरांना इथल्या मोटारींच्या कंपन्यांची नावे तोंडपाठ आहेत, पण आपल्या गावाचे नाव एका जंतूला मिळाले आहे हे ठाऊक नाही. पुढे ही कंपनी आजारी उद्योग ठरली. गरिबाला स्वस्त औषध देण्याचे काम सरकारने अंगावेगळे केले की काय होते, तेही पिंपरीत बघून घ्या.

आणि जीबीएस? पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत रुग्णांच्या शौचाचे नमुने तपासले तेव्हा अनेकांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला, काहींत नोरोव्हायरस. दूषित पाण्यातून, अर्धवट शिजलेल्या मांसातून तो पोटात जातो. त्याचे बाहेरचे आवरण आपल्या मज्जातंतूंच्या आवरणाशी मिळतेजुळते असते. म्हणून जंतूवर तुटून पडलेली शरीराची संरक्षणव्यवस्था काही जणांत मज्जातंतूंवरच घसरते, हातपाय लुळे पडतात, काहींना व्हेंटिलेटर लागतो. राज्यात दोनशेहून अधिक रुग्ण झाले. ही सगळी साखळी तपासा. तिच्यात परप्रांतीय, भाडेकरू, अमुक जात असे काही सापडते का? सापडते ते पाणी.

जंतूला जात नसते. पण शुद्ध पाणी आधी कोणाच्या नळाला येते आणि टँकर कोणाच्या दाराशी थांबतो, हे जातीने आणि वर्गाने ठरते. म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. कोणी कामगारांना रोगाचे कारण ठरवले तर नुसते चिडू नका, पाण्याचा हिशेब मागा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा, टीसीएल पावडर टाकली का? आपल्या नळाच्या आणि टँकरच्या पाण्याची ओटी चाचणी आपल्या डोळ्यांसमोर करायला लावा. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे, नाही झाले तर नाही. गावाला पाण्याचे लाल, पिवळे की हिरवे कार्ड मिळाले आहे, हे ग्रामसभेत विचारा. पाणी पिण्याचा हक्क महाडला बजावला, ते पाणी शुद्ध मिळण्याचा हक्क त्याच लढ्याचा पुढचा भाग आहे.

आणि १० मार्चला फक्त हार घालून घरी जाऊ नका. त्या दिवशी आपल्या वस्तीतल्या पाण्याची तपासणी करा, लहान पोरांच्या लसीकरणाची कार्डे बघा. माईंनी पाठीवर घेतलेले मुंढव्याचे ते पोर आज महाळुंग्याच्या पत्र्याच्या खोलीत राहते आहे.

जय भीम! जय सावित्री!