सात वेळा खासदार, पण 'केलं काय?' : शिवराज पाटील चाकूरकर

लातूरच्या गंजगोलाईत शिवराज पाटील चाकूरकरांचं नाव काढा. दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. पहिलं, 'माणूस सज्जन.' आणि त्याला लागूनच दुसरं, 'पण लातूरसाठी केलं काय?' आज आपण या दुसऱ्या वाक्याच्या मागे लागू.

आधी पटकन प्रवास. जन्म १९३५, गाव चाकूर. विज्ञानाची पदवी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची, कायद्याची मुंबईची. लातूरचे नगराध्यक्ष, १९७३ पासून आमदार. मार्च १९७८ मध्ये विधानसभेचे अध्यक्ष झाले आणि चारच महिन्यांत वसंतदादांचं सरकार पडून शरद पवारांचं पुलोद सरकार आलं. सरकार बदललं, खुर्चीवर अध्यक्ष तेच! मग १९८० ते १९९९, लोकसभेच्या सलग सात निवडणुका जिंकल्या. १९८९ ला काँग्रेसची दिल्लीतली सत्ता गेली, तेव्हासुद्धा लातूर त्यांच्याकडेच राहिलं. मधल्या काळात संरक्षण, विज्ञान, विमान वाहतूक अशी खाती झाली. ती यादी वाचून दाखवत नाही, कंटाळाल.

खरी गोष्ट आहे १९९३ ची. १९९१ पासून ते लोकसभेचे अध्यक्ष होते आणि नरसिंह रावांकडे सुरुवातीला बहुमतच नव्हतं. म्हणजे सभागृह सतत तापलेलं. त्या वर्षी संसदेत १७ स्थायी समित्या सुरू झाल्या. आता हे प्रकरण काय? त्याआधी मंत्रालयांच्या कोट्यवधींच्या मागण्या बऱ्याचदा चर्चेविनाच मंजूर व्हायच्या, कारण वेळच नसायचा. समित्या आल्यावर सगळ्या पक्षांचे खासदार एका टेबलाभोवती बसून अधिकाऱ्यांना विचारू लागले, हा पैसा कुठे जाणार? आजही बातमीत 'विधेयक स्थायी समितीकडे पाठवलं' ऐकता ना, ती हीच व्यवस्था.

मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांना पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव आला. त्यांची बाजू मांडायला वकील कपिल सिब्बल थेट सभागृहात उभे राहिले. प्रस्तावाच्या बाजूने १९६ मतं पडली, विरोधात शून्य! तरी तो पडला, कारण काँग्रेससह २०५ सदस्य तटस्थ राहिले. जुलैत सरकारवर अविश्वास ठराव. २५१ विरुद्ध २६५, सरकार वाचलं. या मतांसाठी पैसे दिल्याचा खटला पुढे कित्येक वर्षं गाजला.

आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी. त्यांच्याच जिल्ह्यात गावंच्या गावं मातीखाली गेली, हजारो माणसं गेली.

माझं मत सांगतो. अध्यक्षाला सभागृहात आपल्या गावासाठी भांडता येत नाही, ती खुर्चीच तशी असते. शेजारच्या नांदेडात केशवराव धोंडगे सभागृह डोक्यावर घ्यायचे, लोकांना ते दिसायचं, आवडायचं. समितीचं काम कुणाला दिसणार? पण म्हणून लातूरकरांचा प्रश्न खोटा ठरत नाही. त्याच्याकडे मत असतं, तो आपल्या नळाचं आणि रस्त्याचं विचारणारच.

२००४ ला लातूरने उत्तर दिलं. भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकर यांनी त्यांना हरवलं. गंमत बघा, त्याच महिन्यात हरलेले चाकूरकर देशाचे गृहमंत्री झाले आणि नंतर राज्यसभेतून संसदेत गेले. मतदाराने घरी पाठवलं, पक्षाने नॉर्थ ब्लॉकमध्ये बसवलं. हे मला आजही खटकतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. सप्टेंबर २००८ मध्ये दिल्लीत स्फोट झाले, त्या दिवशी गृहमंत्र्यांनी कितीदा कपडे बदलले यावर चॅनेलवाल्यांनी रान उठवलं. नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला आणि ३० तारखेला त्यांनी राजीनामा दिला. गूगलवर त्यांचं नाव टाका, आधी कपडेच येतात. १७ समित्या शोधायला बरंच खाली जावं लागतं.