कळंब्याचे पाणी आणि सक्तीची तपासणी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कळंब्याच्या तलावाचे पाणी करवीर (कोल्हापूर) नगरीस मिळू लागून लोकारोग्य हा दरबारच्या जबाबदारीचा विषय ठरत असता, इंग्रजी अमलाखालील खालसा मुलखात 1868 च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्यान्वये वारांगनांची नावे दप्तरी चढवून त्यांची सक्तीने तपासणी होई. मात्र ज्यांच्याकरवी गरमी, म्हणजे उपदंश, घरोघरी पोहोचे, त्या पुरुषांस कोणी जाब विचारीत नसे. हा अन्याय्य कायदा 1888 मध्ये रद्द झाला.

पुढे 1906 साली शास्त्रज्ञ वासरमान यांनी या रोगाच्या रक्तपरीक्षेचा मार्ग दाखविला, आणि 1927 पासून रघुनाथ धोंडो कर्वे यांनी खटले सोसूनही ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लैंगिक आरोग्याविषयी निर्भयपणे लिहिले. काचपट्टीवर रक्तजलाचा थेंब प्रतिजनाबरोबर चार मिनिटे हलवून, सूक्ष्मदर्शकाखाली गुठळ्या दिसतात की नाही, एवढ्यावरून आज उपदंशाचे प्राथमिक निदान होते. पक्क्या निदानानंतर पेनिसिलिनने तो बराही होतो. म्हणूनच निरोधाचा वापर, जोडीदारासह उपचार आणि संमतीने, गोपनीयता राखून केलेली तपासणी यांस, शुद्ध पाण्याप्रमाणेच, प्रत्येक नागरिकाच्या हक्काचे स्थान मिळाले पाहिजे.