पीचचा वास आणि बाईचा स्वभाव

हल्ली एखाद्या मोठ्या दुकानात सेंट घ्यायला गेले, की काउंटरपलीकडची मुलगी वासाबद्दल फार थोडे बोलते. ती बोलते आपल्या स्वभावाबद्दल. ‘हे फ्लोरल-फ्रूटी आहे मॅडम. हसतमुख, मोकळ्या, तरुण मनाच्या स्त्रीसाठी.’ साठीकडे झुकलेल्या माझ्यासारखीने यावर काय म्हणावे? मला मात्र कुतूहल वाटते, की फळाच्या वासात हा तरुण हसरेपणा आला कधी आणि कुठून? त्याचा माग काढायला शंभरेक वर्षे मागे, पॅरिसला जावे लागते.

आधी फळाचा वास बाटलीत शिरला कसा, ते पाहू. फुलांचे त्या मानाने सोपे. गुलाबाच्या पाकळ्यांतून वाफ नेली की अत्तर मिळते. जाईजुईसारख्या नाजूक फुलांचा वास चरबीत किंवा द्रावकात उतरवून घेता येतो. कनौजचे अत्तरवाले आणि फ्रान्समधल्या ग्रास गावचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. संत्र्यालिंबाची साल पिळली तरी तेल निघते. पण पीच, सफरचंद, स्ट्रॉबेरी यांतून असे काही हाती लागत नाही. उष्णता दिली की ताज्या फळाचा वास जातो आणि मुरंब्याचा येतो. आंब्याचा रस आटवताना बसलेल्या कोणालाही हे सांगायला नको. त्यामुळे हजारो वर्षे सुगंध म्हणजे फुले, लाकडे, मुळे, डिंक आणि कस्तुरी. फळांची जागा स्वयंपाकघरात.

ही भिंत रसायनशाळेत पडली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रशियन रसायनशास्त्रज्ञांनी गॅमा-अनडेकॅलॅक्टोन नावाचा पदार्थ तयार केला. त्याला पिकलेल्या पीचचा, म्हणजे आपल्या जुन्या कोशांतल्या सप्ताळूचा, मऊ लवदार सालीसकट वास येतो. व्यापारात त्याचे नाव पडले ‘अल्डिहाइड सी-१४’. गंमत म्हणजे तो अल्डिहाइड नाही आणि त्यात कार्बनचे अणूही १४ नाहीत, ११ आहेत. तरी अत्तरांच्या धंद्यात हे चुकीचे नाव आजही चालते.

झाक गेर्लां या फ्रेंच सुगंधकाराने १९१९ मध्ये या पीचचा ठळक उपयोग केला आणि ‘मित्सुको’ बाजारात आले. फुले होती, फळ होते, आणि तळाशी होते ओक वृक्षावर वाढणारे शेवाळासारखे दगडफूल. आपल्या गोड्या मसाल्यात पडते त्याच्याच गोतातले. ओलसर, गंभीर, जंगलातल्या सावलीचा वास. मित्सुको हे नाव क्लोद फारेर यांच्या १९०९ च्या कादंबरीतले. रशिया-जपान युद्धाची पार्श्वभूमी, एका जपानी नौदल अधिकाऱ्याची पत्नी, आणि एका इंग्रज अधिकाऱ्यावर जडलेले तिचे मन. म्हणजे पीचचा वास पहिल्यांदा गाजला तो मन झाकून ठेवणाऱ्या, वादळ आत जिरवणाऱ्या विवाहितेचा वास म्हणून. हसरी तरुणी त्यात कुठेच नव्हती. गंमत अशी, की रशियन बॅलेचे सर्गेई दियागिलेव हेही मित्सुकोचे भक्त होते म्हणतात. वासाला कोण बाई, कोण पुरुष!

वासावरून बाईची पारख करणे मात्र गेर्लांनी सुरू केले नव्हते. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये कुलीन स्त्रीने हातरुमालावर व्हायोलेटचे किंवा गुलाबाचे चार थेंब टाकावेत एवढीच मुभा होती. कस्तुरीसारखा जड वास अंगाला येणारी बाई कोणत्या वस्तीतली, हे लोक मनातल्या मनात ठरवून टाकत. आपल्याकडे काय वेगळे होते? सवाष्णीला वेणी-गजरा, हळदीकुंकवाला अत्तरगुलाब. अत्तराचा फाया कानात घालून मिरवावे ते पुरुषांनी. विधवेला फूलही नाही आणि अत्तरही नाही. माझ्या आजीची एक जाऊ चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या दिवशी मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसे. पुढच्या खोलीतला मोगऱ्याचा दरवळ तिथवर पोचत असे, अत्तरदाणी कधी पोचली नाही. तिला कोणता वास आवडतो हे घरात कोणाला ठाऊक नव्हते.

पीचचा पुढचा मोठा अवतार आणखी एका युद्धातला. जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये १९४३ साली एदमों रुदनित्स्का यांनी एक सेंट रचले. एका बाजूला कचऱ्याचे आगार आणि दुसऱ्या बाजूला रंगांचा कारखाना अशा इमारतीत आपण ते केले, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. अशा जागी त्यांच्या नाकाने पिकलेला पीच, आलुबुखार आणि गुलाब कसे शोधले असतील, याचे मला नेहमी नवल वाटते. मार्सेल रोशास यांनी ते आपली तरुण पत्नी एलेन हिच्यासाठी घेतले आणि १९४४ मध्ये विक्रीला आणले. नाव ‘फाम’, म्हणजे नुसते ‘स्त्री’. यातली स्त्री भरल्या अंगाची, ऐन तिशीतली, आपल्या रूपाची जाण असलेली. योगायोग असा, की फ्रान्समध्ये स्त्रियांना मताचा हक्क मिळाला तोही १९४४ मध्येच. मुंबई इलाख्याने मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांना कायदेमंडळासाठी तो १९२१ मध्येच दिला होता. पॅरिसची बाई सगळ्याच बाबतींत आपल्या पुढे होती असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

फूल आणि फळ यांतली भिंतही नंतर आणखी ढासळली. १९७० च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या फिर्मेनिश कंपनीच्या शास्त्रज्ञांना बल्गेरियातल्या गुलाबतेलात अत्यल्प प्रमाणात असलेले काही पदार्थ सापडले. त्यांना वास येतो सफरचंदाचा, आलुबुखारचा. म्हणजे गुलाबाच्या पोटात फळ आधीपासूनच होते! हे पदार्थ प्रयोगशाळेत बनू लागले आणि सुगंधकारांच्या हाती फळांची अख्खी पाटी आली. मग दगडफूल मागे पडले, पुढे युरोपात ॲलर्जीच्या कारणाने त्यावर मर्यादाही आल्या. सावली गेली, गोडवा उरला. १९९९ चे ‘जादोर’ आणि त्यानंतर आलेली असंख्य फ्लोरल-फ्रूटी सेंट्स यांनी तो गोडवा तरुण मुलींच्या नावे लिहून टाकला.

मधला एक टप्पा मला सर्वांत बोलका वाटतो. १९९० मध्ये सोफिया ग्रोज्समन यांनी लाँकोम कंपनीसाठी ‘त्रेझोर’ केले. गुलाब आणि पीच. जाहिरातीत चेहरा इसाबेला रोसेलिनी यांचा. त्यांचे वडील रॉबर्टो रोसेलिनी १९५७ मध्ये भारतात चित्रपट करत होते, ते जुन्या वाचकांना आठवत असतील. इसाबेला तेव्हा ३८ वर्षांच्या होत्या आणि पीचचा वास अजून प्रौढ बाईला शोभत होता. पुढे चाळिशी ओलांडल्यावर, १९९६ च्या सुमारास, कंपनीने त्यांचा करार संपवला. स्त्रियांना तरुण दिसण्याचे स्वप्न हवे असते, असे कारण आपल्याला सांगण्यात आल्याचे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. त्रेझोरची विक्री चालूच राहिली. २०१६ मध्ये त्याच कंपनीने त्यांना परत बोलावले. तेव्हा त्या ६३ वर्षांच्या होत्या, आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसकट गेल्या.