न झालेल्या जखमेचा पुरस्कार

१२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्मदिवस. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत त्या दिवशी मेणबत्त्या लावून शपथ घेतली जाते, केक कापला जातो आणि निवडक परिचारिकांच्या हाती शाल, श्रीफळ व सन्मानचिन्ह पडते. देशपातळीवर १९७३ पासून राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार दिला जातो. त्यात खेड्यापाड्यांतून फिरणाऱ्या एएनएमचाही (साहाय्यक परिचारिका-प्रसाविकांचाही) विचार होतो, ही त्याची जमेची बाजू. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे नाइटिंगेल पदक तर १९१२ सालापासूनचे. पुरस्कारांना तोटा नाही. पण उत्कृष्ट परिचारिका निवडायची ती कोणत्या पुराव्यावर, याचे विवेचन फारसे कुणी केलेले दिसत नाही.

गुणवत्तेचे दोन प्रकार आधी वेगळे काढावे लागतात. पहिला प्रकार प्रसंगातल्या धैर्याचा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले. त्या वेळी प्रसूतिपूर्व कक्षात ड्युटीवर असलेल्या अंजली कुलथे यांनी सुमारे २० गरोदर महिलांना पॅन्ट्रीत हलवून वाचवले. पुढे त्यांनी त्या अतिरेक्यांपैकी कसाबला ओळखले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे आपली साक्ष मांडली. असे धैर्य ओळखायला निवड समितीला कष्ट पडत नाहीत, कारण प्रसंगाला तारीख, वेळ, साक्षीदार आणि परिणाम असे सगळे असते. मात्र तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत अशी रात्र बहुतेकींच्या वाट्याला येत नाही, आणि येऊही नये.

दुसरा प्रकार सातत्याचा. त्याचे सर्वांत ठळक उदाहरणही मुंबईतलेच. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये त्याच रुग्णालयात हल्ला झाला. मे २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या तिथेच अंथरुणावर होत्या. २०११ साली त्यांच्या दयामरणासाठीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांनी त्यांना तपासले तेव्हा ३७ वर्षांच्या अंथरुणानंतरही अंगावर बेडसोअर, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणारी जखम, आढळला नाही. न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांची मुक्त कंठाने स्तुती केली, आणि अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्तीऐवजी या कर्मचाऱ्यांचाच मानला. आता हे श्रेय कोणाच्या खात्यावर मांडायचे? अरुणा यांच्याबरोबरीच्या परिचारिका निवृत्त झाल्या, हल्ला झाला तेव्हा जन्मालाही न आलेल्या मुली पुढे तिथे रुजू झाल्या. त्यांतल्या एखादीने पुरस्कारासाठी ‘रुग्णाची कूस नियमित बदलली’ एवढाच प्रस्ताव पाठवला असता, तर तो टेबलावरून पुढे सरकला असता का? मला शंका आहे.

त्या एका ओळीत किती काम असते ते पाहू. सतत दाब पडला की माकडहाड, टाचा आणि डोक्याची मागची बाजू इथल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या मिटतात. आधी नुसती लाली दिसते. बोटाने दाबल्यावर ती क्षणभर पांढरी पडली तर अजून वेळ आहे. लालच राहिली तर जखमेची पहिली पायरी सुरू झाली. सावळ्या कातडीवर ही लाली दिसतच नाही, तिथे हात लावून ऊब आणि कडकपणा तपासावा लागतो. चादरीची घडी, ओला डायपर, रुग्णाला वर ओढताना घासलेली पाठ, उपाशी पोट, सगळ्यांचा हिशोब त्याच जागी होतो. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली ब्रेडन मोजपट्टी संवेदना, ओलसरपणा, चालणे-फिरणे, हालचाल, पोषण आणि घर्षण या सहा बाबींना गुण देते. २३ पैकी १८ किंवा कमी आले की धोका. बेशुद्ध, वजनदार माणसाला वळवायला दोघी लागतात. रात्रपाळीला एकट्या सिस्टरने दुसरा हात आणायचा कुठून? मावशी सापडली तर मावशी, नाहीतर शेजारच्या कॉटवरचा नातेवाईक.

आता साक्षीदारांचा प्रश्न. अमेरिकेत १९९९ साली स्थापन झालेल्या डेझी फाउंडेशनच्या पुरस्कारात रुग्ण आणि नातेवाईकही परिचारिकेचे नाव सुचवतात. कल्पना लोभस आहे, पण ती शुद्धीवर असलेल्या आणि लिहू शकणाऱ्या रुग्णाला धरून बेतलेली. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण, काचेच्या पेटीतले बाळ, ‘अननोन’ म्हणून दाखल झालेला रस्त्यावरचा माणूस यांनी कोणाचे नाव सुचवावे? शिवाय आपल्याकडे रुग्णाच्या लेखी सगळ्याच ‘सिस्टर’. डॉक्टर राउंडपुरते येतात. मेट्रनच्या डोळ्यांसमोर येते ते रजिस्टर. आणि जिथे परिचारिकेने स्वतःच फोटो, कात्रणे, प्रमाणपत्रे जोडून फाइल सादर करायची असते, तिथे मुख्यतः फाइल करण्याचे कौशल्य मोजले जाते.

खरी साक्षीदार मात्र रोज हजर असते: पुढच्या पाळीची सिस्टर. चार्ज घेताना पाच मिनिटांत तिला सगळे कळते. सलाइनच्या सुईवर तारीख आहे की नाही, इनटेक-आउटपुट खरेच मोजून लिहिले की अंदाजे, सकाळी सहाचे इंजेक्शन दिले की नुसती सही केली, चादर कोरडी आहे का. कोणाच्या पाठोपाठ ड्युटी लागली की हायसे वाटते आणि कोणाच्या पाठोपाठ पहिला तास आवराआवरीत जातो, हे प्रत्येक वॉर्डाला ठाऊक असते. कुणी विचारत नाही, म्हणून कुणी सांगत नाही. नाव गुप्त ठेवून ही साक्ष घेतली, तर माझ्या मते कोणत्याही शिफारसपत्राहून ती अधिक विश्वासार्ह ठरेल. हेवेदावे मध्ये येतील, हे खरे. पण वर्षभरात अनेक जणींनी चार्ज घेतलेला असतो. एकीचा आकस त्यांत फार टिकणार नाही.

‘ज्या वॉर्डात बेडसोअर कमी, त्याला बक्षीस’ असा सोपा नियम करावा, तर तो अंगाशी येईल. प्रामाणिकपणे नोंदी करणारा वॉर्ड शेवटचा येईल आणि काहीच न लिहिणारा पहिला. म्हणून मोजणी बाहेरच्या वॉर्डातल्या परिचारिकांनी, आगाऊ न सांगता, प्रत्येक रुग्णाची पाठ पाहून करायला हवी. घरून जखम घेऊनच दाखल झालेला रुग्ण वेगळा मोजायचा, आणि मेंदू शस्त्रक्रियेच्या कक्षाची तुलना डोळ्यांच्या कक्षाशी करायची नाही.

यालाच लागून छेदाचा मुद्दा येतो: किती रुग्णांमागे किती परिचारिका? भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि इतरत्र पाच खाटांमागे एक, शिवाय रजेसाठी ३० टक्के राखीव, असे आहे. सरकारी वॉर्डात फ्लोअर बेडवरचे रुग्ण धरून हिशोब मांडून पाहावा. लिंडा एकेन यांच्या २००२ च्या पेनसिल्व्हेनियातील अभ्यासात, परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या ३० दिवसांतील मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. बिअॅट्रिस कॅलिश यांनी २००६ मध्ये, हात अपुरे पडले की कोणती शुश्रूषा राहून जाते, याची यादी केली. तिच्यात रुग्णाला चालवणे आहे, धीर देणे आहे आणि कूस बदलणेही आहे. औषध चुकले तर लगेच बोभाटा होतो, कूस चुकली तर आठवड्याने. रिकामी पदे तशीच ठेवून उरलेल्यांतल्या एकीला ‘त्यागमूर्ती’ म्हणून हार घालणे हा प्रशासनाला स्वस्तात पडणारा सौदा आहे.

सामूहिक गौरवाचा नमुना आपल्याच व्यवस्थेत आहे. २०१५ पासूनची ‘कायाकल्प’ योजना स्वच्छता व संसर्ग नियंत्रणासाठी संपूर्ण रुग्णालयाला बक्षीस देते. तपासणी आधी अंतर्गत, मग दुसऱ्या संस्थेकडून, शेवटी बाह्य परीक्षकांकडून होते; रकमेचा ७५ टक्के भाग सुविधांवर आणि २५ टक्के कर्मचाऱ्यांना. हीच चौकट वॉर्डपातळीवर आणून शुश्रूषेला लावता येईल. धैर्यासाठी व्यक्तीला पुरस्कार जरूर असावा, पण सातत्याचा पुरस्कार वॉर्डालाच मिळायला हवा. रकमेतून हवेच्या गाद्या घ्या, जास्तीच्या चादरी घ्या. आणि सन्मानपत्रावर तिन्ही पाळ्यांतल्या सगळ्यांची नावे छापा, कंत्राटी सिस्टर, रिलिव्हर आणि रात्री पाठ वळवायला धावून येणाऱ्या मावशींसकट.