पलटणीचा बाजा

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत फौजेतला माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. महाड तालुक्यातल्या फौजी आंबवड्याच्या तर नावातच फौज आहे. जमीन डोंगरउताराची, पावसाळ्यात भात, वरकसात नाचणी-वरी, आणि ते धान्य शिमग्यापर्यंत पुरलं तर पुरलं. म्हणून घरटी एक जण मुंबईला गिरणीत आणि एक पलटणीत, अशी आमच्याकडची रीत. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन यायचा त्यावर चूल पेटायची. बंदूक घेऊन लढलेल्यांच्या गोष्टी आमच्याकडे खूप सांगतात. पलटणीत वाजवायला गेलेल्यांची गोष्ट मात्र कुणी काढत नाही.

मी त्यांतला एक. पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीतून महार रेजिमेंटच्या बँडमध्ये भरती झालो, क्लॅरिनेट वाजवलं आणि पेन्शनीत आलो. गावात अजून कुणीतरी विचारतंच, "म्हंजे तू नुसता बाजा वाजवायचास? लढाय नाय?" या प्रश्नाचा मला राग येत नाही. पण त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण ते माझ्या आज्यापासून सुरू होतं.

फौज आणि वाद्य यांचं नातं आमच्या मुलखाला नवं नाही. रायगड आमच्याच महाड तालुक्यात. गडावरचा नगारखाना अजून उभा आहे. पूर्वी नगारा, कर्णा, शिंग ही नुसती शोभेची वाद्यं नव्हती. हजार माणसाला एकदम हुकूम पोहोचवायचा तर दुसरा उपाय काय होता? कूच, मुक्काम, हल्ला, माघार हे सगळं आवाजावर चालायचं. उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचं गाव पोलादपूर तालुक्यात. त्यांच्यावर पोवाडा रचणारा तुळशीदास शाहीर आणि अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचणारा अज्ञानदास यांची नावं साडेतीनशे वर्षं टिकली. पण ज्याच्या शिंगाच्या आवाजावर मावळा धावला, त्या शिंगवाल्याचं नाव आमच्याकडे कुणाच्याच तोंडी नाही.

गावातही तसंच. आमच्या भागात खालूबाजा म्हणतात तो सनई, ढोल, टिमकी आणि झांजेचा. शिमग्याची पालखी असो की लग्नाची वरात, खालूबाज्याशिवाय हलायची नाही. आमच्या वाडीत तो आमच्या महार समाजाकडे होता. माझा आजा सनईवाला. सूर एकदा धरला की दम मोडायचा नाही, नाकानं श्वास घ्यायचा आणि गालांत साठवलेली हवा सोडत राहायची. ही कला त्याला कुणी शाळेत शिकवली नव्हती, त्याच्या बापाकडून आली होती.

पण ही कला कोणत्या अटीवर चालायची? पालखीच्या पुढं वाजवायचं, पण पालखीला हात लावायचा नाही. लग्नात वाजवायचं, पण मांडवाबाहेर. पंगती उठल्यावर उरलं-सुरलं पदरात घ्यायचं. मोबदला म्हणजे सुगीला पायली-दोन पायली भात, कधी नारळ. "आज जमत नाय" असं म्हणायची सोय नाही. बोलावणं आलं की तापात असला तरी उठायचं. बलुतं म्हणा, वतन म्हणा, होती ती वेठच.

आजा 1927 सालच्या मार्च महिन्यात महाडला गेला होता. 19 आणि 20 तारखेला तिथं कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि 20 तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्यावर गेले, हे सगळ्यांना माहीत आहे. आजा सांगायचा ते निराळं. तो म्हणायचा, त्या गर्दीत पलटणीतून पेन्शन घेतलेली माणसं लगेच ओळखू यायची. ताठ चालायची, रांगेत उभी राहायची. परिषद संपल्यावर आमच्या लोकांवर हल्ला झाला, तेव्हा ही माणसं पेटली होती. बाबासाहेबांनी हात उचलू नका म्हणून सांगितलं आणि त्यांनी ते ऐकलं. आज्याला त्या शिस्तीचं फार अप्रूप. परत आल्यावर त्यानं बोलावणं आलं की आधी विचारायला सुरुवात केली, "पैसं किती?" त्यापायी दोन वर्षं घराला त्रास झाला, पण फुकटचं वाजवणं त्यानं परत धरलं नाही.

माझ्या बापसानं त्याच्या पुढचं पाऊल टाकलं. 1956 च्या धर्मांतरानंतर त्यानं सनई फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली. ढोल भावकीतल्या दुसऱ्याला दिला. पुढं 1958 च्या कायद्यानं महार वतनं गेली, तेव्हा तो म्हणाला, आता कायद्यानंही कुणी बोलवू शकत नाही. आमच्या घरात त्यानंतर सनई वाजली नाही. मी शिकलो तो आज्याकडून, गुरं चारायला गेल्यावर, वाडीपासून लांब. बापूस घरी असला की पोर नुसती शीळसुद्धा घालायचं नाही.

दहावी झाल्यावर मी बँडसाठी भरती व्हायचं ठरवलं तेव्हा घरात काय झालं असेल, याची कल्पना यावरून येईल. बापूस म्हणाला, "आमी जे सोडलं तेच तू पगारावर करनार काय रं?" आजा ओटीवर बसला होता. तो एवढंच बोलला, "वाजवन्यात कमीपना नाय. फुकाट वाजवन्यात हाय."

बापसाचा संशय अगदीच खोटा नव्हता, हे मला पुढं इतिहास वाचताना कळलं. ईस्ट इंडिया कंपनीनं 1795 साली हुकूम काढला की ज्याचे आईबाप दोघेही युरोपियन नाहीत, त्याला सैन्यात घ्यायचं नाही. अपवाद चारच कामांचे: बासरीवाला, ढोलवाला, बँडवाला आणि घोड्याला नाल ठोकणारा. म्हणजे अँग्लो-इंडियन पोराच्या हातात बंदूक नको, पण ढोल चालेल. वाजवणारा म्हणजे खालचा, ही समजूत फक्त आमच्या गावच्या वेशीत नव्हती, साहेबाच्या छावणीतही होती.

आणि आमच्या लोकांना तर पुढं पलटणीचं दारच बंद झालं. मुंबईच्या फौजेत महार शिपाई पिढ्यानपिढ्या होते. 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती अशी वाटणी झाली आणि महारांची भरती थांबली. त्याविरुद्ध 1894 साली अर्ज तयार केला तो गोपाळबाबा वलंगकरांनी. ते महाडजवळच्या रावढळचे, स्वतः फौजेतून पेन्शन घेतलेले. पहिल्या महायुद्धात माणूस कमी पडला तेव्हा 1917 साली महारांची पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत ती मोडली. कायमची महार रेजिमेंट बेळगावला उभी राहिली ती 1 ऑक्टोबर 1941 ला. तेव्हा पलटणीतली जागा, मग ती बंदुकीची असो की बँडची, आम्हाला कुणी ताटात वाढून दिली नव्हती. अर्ज करून, भांडून मिळाली होती.

मी मध्य प्रदेशात सागरला रेजिमेंटच्या सेंटरमध्ये दाखल झालो. लोकांना वाटतं बँडवाल्याला कवायत नसते. असते. धावणं, दोरीवर चढणं, रायफल, निशाणेबाजी सगळं आधी. शिपाई झाल्याशिवाय वाद्य नाही. मग क्लॅरिनेट हातात आलं. मला वाटलं होतं, सनईवाल्याचा नातू मी, मला काय अवघड? पण पहिल्याच दिवशी उस्ताद ओरडले, "गाल मत फुलाओ!" सनईत गाल हीच हवेची कोठी. क्लॅरिनेटला गाल सपाट, ओठ आवळलेले आणि दम पोटातून. सनईची पत्ती दुहेरी, क्लॅरिनेटची रीड एकेरी. सनईत बोट अर्धं उचलून सूर घसरत नेता येतो, इथं चाव्या. अंगात मुरलेलं मोडून नवं बसवायला मला वर्ष लागलं.

त्याहून अवघड कागद. आमचं सगळं कानावर. इथं पाच रेघांवर काळे ठिपके. पचमढीला सैन्याचं संगीत विद्यालय आहे. जनरल करिअप्पांच्या पुढाकारानं ते 1950 साली सुरू झालं. सातपुड्याच्या त्या थंड डोंगरावर मणिपूर, केरळ, पंजाब, गढवाल अशा सगळीकडची पोरं ठिपके वाचायला शिकायची. एकाला दुसऱ्याची भाषा येत नसे, पण कागद समोर ठेवला की तीस माणसं एका वेळी एकच धून वाजवायची. मिनिटाला सुमारे 120 पावलं हा साध्या कूचचा वेग. तो चुकला की मागची अख्खी पलटण अडखळते. गावात मी मांडवाबाहेर उभा राहिलो असतो. इथं पलटण माझ्या मागून चालत होती.

आता लढाईचं. युद्ध लागलं की बँडची वाद्यं स्टोअरमध्ये जातात आणि बँडवाल्याच्या हातात स्ट्रेचर येतं. जखमींना उचलणं, रक्त थांबवणं, पट्ट्या बांधणं हे आम्हाला शिकवलेलं असतं. बंदुकीवाल्याला आडोसा घेता येतो. स्ट्रेचरवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, तो आडोसा कसा घेणार? शांततेच्या काळातही एक काम असतं ते कुणी मागून घेत नाही. जवानाचं पार्थिव येतं, बंदुका उलट्या होतात आणि बिगुलवर 'लास्ट पोस्ट' वाजते. वाजवणाऱ्याला त्या वेळी रडायची मुभा नसते, ओठ थरथरला की सूर फाटतो.

माझ्या काळात आम्ही बहुतेक विलायती धुना वाजवायचो. 'कर्नल बोगी' तर झोपेत वाजवली असती. मी पेन्शनीत आल्यावर एक बातमी वाचली आणि बरं वाटलं. 2019 च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात 'शंखनाद' ही धून वाजली. भारतीय रागांवर बांधलेली ही धून मूळ महार रेजिमेंटसाठी झालेली, आणि ती रचली डॉ. तनुजा नाफडे यांनी, आमच्याच रेजिमेंटचे ब्रिगेडियर विवेक सोहल यांच्या कवितेवर. आजा असता तर त्याला एवढंच सांगितलं असतं, की दिल्लीत पलटणी भैरवीवर चालल्या.

बापूस एकदा सागरला आला होता, कसम परेड बघायला. नवे रिक्रूट शपथ घेत होते आणि आम्ही वाजवत होतो. परेड संपल्यावर जेवणाच्या मेसमध्ये आम्ही सगळे एका रांगेत बसलो. बापूस वाढणाऱ्याकडं बघत होता, ताटाकडं बघत होता. काही बोलला नाही. घरी परतल्यावर त्यानं माळ्यावरची सनई काढली, पण तोवर पत्ती कुजून गेली होती आणि आजाही उरला नव्हता. ती सनई आता माझ्याकडे आहे. नवी पत्ती बसवून मी ती वाजवतो.

आता पोरं विचारायला येतात, "काका, बँडमध्ये जाऊ का?" मी आहे ते सांगतो. आमच्या वेळी शिपायाला 15 वर्षांवर पेन्शन होतं. 2022 पासून अग्निपथ योजना आहे. चार वर्षांची नोकरी, त्यांतल्या जास्तीत जास्त 25 टक्के पोरांना पुढं ठेवतात, बाकीच्यांना सुमारे 11.71 लाखांचा सेवानिधी मिळतो, पेन्शन नाही. नौदल आणि हवाई दल संगीतकार अग्निवीरांची वेगळी भरती करतात. दहावी पास लागतं आणि वाद्य वाजवून दाखवावं लागतं. म्हणून मी सांगतो, शाळा सोडू नको, एक वाद्य नीट धर, स्वरलिपी शीक आणि रोज धाव. चार वर्षांनी परत यावं लागलं तरी हातातली विद्या कुणी काढून घेणार नाही, पण पेन्शन धरून घराचं कर्ज काढू नको.

आमच्या वाडीतल्या पोरांनी खालूबाजा पुन्हा उभा केला आहे. भीमजयंतीला वाजवतात, लग्नाच्या सुपाऱ्याही घेतात. महाडपासून पार कशेडीच्या पलीकडून बोलावणं येतं. आधी आगाऊ रक्कम, मग गाडी, आणि जेवण पंगतीत सगळ्यांबरोबर, हे ठरल्याशिवाय ढोल गाडीत चढत नाही. मागच्या हंगामात एका ठिकाणी यजमानानं "तुमची पानं मागल्या दारी मांडतो" म्हटलं. पोरांनी आगाऊ रक्कम परत केली आणि ढोल गाडीत टाकून रात्रीच माघारी आली.